अजून एक हात

१

नागपुरातल्या जरीपटक्याच्या मागच्या वस्तीत जयवंताबाईंच्या लांब रोटीला तोड नाही, हे आधी स्वतः जयवंताबाई सांगत आणि मग बाकीचे कबूल करत. कबूल न करून जातात कुठे? लग्न असो, बारसं असो, सावजी मटणाची पंगत असो, रोटी जयवंताबाईंचीच. सकाळी आठला घरामागच्या टिनाखाली चूल पेटायची, चुलीवर मडकं पालथं पडायचं, आणि परातीतली सैल कणीक त्या अशा आपटायच्या की शेजारपाजारचे त्यावर घड्याळ लावून घेत. मग गोळा हातावर. या हातावरून त्या हातावर, मनगटावरून कोपरापर्यंत, पट्-पट् करत गोळ्याची चकती व्हायची, चकतीचा रुमाल, रुमालाचं उपरणं, आणि एका झटक्यात ते मडक्यावर. भाजली की गरम असतानाच चार घड्या. घातलेली घडी मग थेट जेवणाऱ्याच्या ताटातच मोडायची, मध्ये कोणी उघडून बघायची नाही. हा या कामातला पहिला नियम, आणि तो का आहे हे विचारायला कोणाला फुरसत नसते.

त्यांच्या पट्-पट्ची एक खास चाल होती. बारा वर्षांपूर्वी त्या मोरीत घसरल्या आणि डावं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. तेव्हापासून पट्-पट्, मग एक थांबा, मग पट्. चाल लंगडी, पण त्याचाही बाईंना अभिमानच. "माह्या हाताचा आवाज कोनी चोरून दाखवा," असं त्या लग्नाच्या मांडवात चारचौघींना ऐकवत.

या अभिमानाला ठेच एकाच जागी होती, तिचं नाव मनकर्णाबाई. जयवंताबाईंना हे काम शिकवलं मनकर्णाबाईंनी. अकरा वर्षं शिकवलं आणि अकरा वर्षांत तोंडातून कधी 'छान' काढलं नाही. जयवंताबाईंनी रोटी दोन्ही हातांवर उचलून धरायची. मनकर्णाबाईंनी पलीकडून डोळे मोठे करायचे आणि विचारायचं, "माह्या डोयात काजळ हाय का नाही? दिसते?" दिसायचं नाही. डोळे दिसत, काजळ नाही. "पिठातून काजळ दिसलं का मंग तुले मी बाई म्हनीन," असं म्हणून मनकर्णाबाई पाठ फिरवत. "अजून एक हात." म्हणजे अजून हातभर लांबव. मरायच्या आदल्या दिवशी जयवंताबाई त्यांना रोटी दाखवायला घेऊन गेल्या. म्हातारीने खाटेवर पडल्या पडल्या डोळे मोठे केले, वाट पाहिली, आणि तेच बोलली.

तेव्हा जयवंताबाईंनी दोन गोष्टी मनाशी बांधल्या. एक, काजळ दिसेल अशी रोटी करायचीच. दुसरी, आपल्या हाताखाली कोणी शिकलं तर त्या पोरीच्या पहिल्या धड रोटीला तोंड भरून छान म्हणायचं. अकरा वर्षं उपाशी ठेवायचं नाही कोणाला.

दुसऱ्या गोष्टीची वेळ आता जवळ आली होती. सून अपेक्षा तीन महिन्यांपासून शिकत होती. कामठीची पोरगी, बी.कॉम. झालेली, मोबाइलच्या दुकानातली नोकरी सोडून परातीपाशी बसली होती. तिची रोटी रोज फाटायची आणि ती रोज नवा गोळा घ्यायची. तिला सासूकडून काय हवं होतं ते तिच्या डोळ्यांत स्वच्छ दिसायचं.

२

पहिली गोष्ट झाली ती एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी सव्वानऊला.

ऑर्डर छोटी होती, वीसेक रोट्यांची. सातव्या रोटीला जयवंताबाईंना हातावर काहीतरी वेगळं जाणवलं. पीठ हाताला चिकटतही नव्हतं आणि सुटतही नव्हतं. ते लांबत गेलं. कोपराखाली आलं, गुडघ्यापर्यंत आलं, तरी कुठे फाटेना. चूल धगधगत होती, पण बाईंच्या अंगावर काटा आला.

"अपेक्षा, समोर उभी राह्य. डोये मोठे कर."

अपेक्षा उभी राहिली. जयवंताबाईंनी हात उचलले आणि पिठातून सुनेकडे पाहिलं.

"तुह्या डाव्या डोयातलं काजळ पसरून राह्यलं," त्या हळूच म्हणाल्या.

अपेक्षाने बोट फिरवून पाहिलं. बोट काळं झालं. मग ती जी ओरडली, त्या ओरडण्याने देवाजी कूलरसमोरून उठून आले. देवाजी म्हणजे जयवंताबाईंचे यजमान. रिटायर झाल्यापासून पेपर आणि कूलर या दोनच गोष्टींना मान देणारे. त्यांनी भाजलेल्या रोटीमागे पेपर धरला आणि हेडलाइन मोठ्याने वाचून दाखवली. शेजारणी आल्या, मोबाइल निघाले, फोटो झाले. एकीने जयवंताबाईंचे हातच कपाळाला लावले. आणि बाई टिनाखाली अशा उभ्या होत्या जशी काही सगळ्या उत्तर नागपूरची सून त्यांनीच पसंत करायची होती. हक्कच होता त्यांचा! एकतीस वर्षं कोपर भाजून घेतले होते.

अपेक्षाने घडी घालायला हात पुढे केला. "आई, गरम आहे तोवर करून टाकू ना?"

"नाही. इची घडी नाही करायची."

"पण तुम्हीच तर म्हणता..."

"राहू दे म्हटलं न."

मधल्या खोलीत कपड्यांची रस्सी होती. तिच्यावर जयवंताबाईंनी ती रोटी टांगली, साडी वाळत घालावी तशी. समोरच्या भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, शेजारी बावीस प्रतिज्ञांची फ्रेम. मागच्या भिंतीवर फळी, फळीवर डबे. रोटीची खालची कड बरोबर मिठाच्या बरणीच्या गळ्याशी आली होती.

मग चहा झाला. पेला हातात घेऊन त्या रोटीसमोर बसल्या. पाहत राहिल्या. चहा संपला, आणि त्यांच्या लक्षात आलं की आनंदही संपला आहे. त्यांनी पेल्यात पाहिलं, जसा काही तो तिथे सांडला असेल. "आता काय?" असं मनात आलं, आणि हा प्रश्न एकतीस वर्षांत त्यांना एकदाही पडलेला नव्हता. राहिलेल्या तेरा रोट्या त्यांनी केल्या, चांगल्या झाल्या. पण एकाही रोटीतून त्यांनी पलीकडे पाहिलं नाही.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी रोटी मऊ होती.

यात गैर काय, असं नागपूरबाहेरच्याला वाटेल. एप्रिलात नागपुरात पापड तासाभरात कडक होतो, ओला टॉवेल पाठ फिरवेपर्यंत वाळतो. रात्रभर टांगलेली रोटी कागदासारखी तडकायला हवी होती. जयवंताबाईंनी कड चिमटीत धरली तर ती तान्ह्या पोराच्या कानाच्या पाळीसारखी लागली. कोमट. आणि मिठाची बरणी अख्खी झाकली गेली होती.

"कूलरचा ओलावा हाय," देवाजींनी निकाल दिला.

तिसऱ्या दिवशी कड फळीच्या खाली उतरली. पाचव्या दिवशी फळीखालच्या पिठाच्या डब्याचं झाकण दिसेना.

"अवं, पीठ हाय थे. वजनानं लोंबनारच." देवाजींनी पेपर खाली केला. "तू काहून येवढी पाहून राह्यली? माह्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली. आपल्या घरात हे असलं काही चालत नाही."

"असलं म्हंजे कसलं? मी काही बोलली काय?"

"तुह्या तोंडावर दिसते न."

जयवंताबाईंना राग आला, कारण यजमानांचं बरोबर होतं. भूतखेत, बाहेरचं, लागीर या शब्दांना त्या स्वतः हसत आल्या होत्या. कोणाच्या अंगात आलं की सरळ म्हणत, पाणी मारा तोंडावर. तेव्हा त्यांनी सरळ हिशेब केला. वजनाने लोंबणारी वस्तू रस्सीपाशी आधी फाटते. ही फाटली नव्हती. लोंबणारी वस्तू कडेला वेडीवाकडी होते. हिची कड सरळ होती, हाताने ओढून नीट केल्यासारखी. शेवटी त्यांनी कोपर मिठाच्या बरणीच्या गळ्याशी टेकवला आणि हात खाली सोडून बोटं ताणली. मधल्या बोटाचं टोक बरोबर रोटीच्या कडेला लागलं.

पाच दिवसांत बरोबर एक हात.

त्यांना मनकर्णाबाईंचं घर आठवलं. आतल्या दाराला एक पातळ, पिवळट पडदा होता. अगदी जमिनीपर्यंत. त्याला कोणी हात लावलेला मनकर्णाबाईंना खपायचा नाही. आणि त्या स्वतः नेहमी त्याच्याकडे पाठ करून बसायच्या, पाहुणा कुठेही बसलेला असो. तो पडदा कोणत्या कापडाचा होता, याचा विचार जयवंताबाईंनी तिथेच थांबवला.

४

सातव्या दिवशी भर दुपारी घर शांत होतं. देवाजी समोरच्या खोलीत झोपले होते. जितेंद्र, म्हणजे अपेक्षाचा नवरा, ड्यूटीवर गेला होता, आणि अपेक्षा बाजारात. जयवंताबाई मागच्या नळावर परात घासत होत्या. दोन्ही हात राखेत, कोपरापर्यंत.

मधल्या खोलीतून आवाज आला. पट्-पट्.

अपेक्षा आली वाटतं, असं त्यांच्या मनात आलं. पोरगी एकटीच सराव करते, गुणाची आहे.

मग एक थांबा. मग पट्.

परात हातातून सुटली. ती मोरीत गोल गोल फिरत राहिली आणि निपचित पडली, आणि तेवढ्या वेळात आतला आवाज तीनदा आला. पट्-पट्, थांबा, पट्. मोडून वाकडं जुळलेल्या मनगटाचा आवाज. जयवंताबाईंनी स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. त्यावरून राखेचं पाणी ओघळत होतं. हात इथे होते.

पळून जायचा विचारही त्यांच्या मनात आला नाही. भीती होती, पण भीतीच्या वर राग होता, आपल्या घरात आपल्या हाताचा आवाज काढायची कोणाची हिंमत! पदराला हात पुसत त्या दारात उभ्या राहिल्या. आवाज थांबला होता. लाइट गेल्याने कूलर बंद होता, खिडकी बंद होती, आणि रोटी हलत होती, जरा जरा, वर-खाली. रस्सीपासून हातभर खाली तिला दोन उंचवटे आले होते. आतून कोणी दोन्ही मुठींवर ती पेलून धरावी तसे. एकेका बोटाची गाठ मोजता आली असती.

त्यांनी बाजूने रोटीमागे हात घातला. मागे भिंत होती. फळी होती, मिठाची बरणी होती. वीतभर मोकळी जागा, आणि त्या जागेत काहीच नव्हतं. हात तसाच मागे ठेवून त्यांनी पुढून पाहिलं. उंचवटे जागेवर होते.

मग त्यांनी ते केलं जे एकतीस वर्षं करत आल्या होत्या. रोटीसमोर उभं राहून पलीकडे पाहिलं.

भिंत दिसायला हवी होती. टिनाचं छप्पर दिसलं, आणि छपराखालचा धूर. एक कोपर दिसला, त्यावर जयवंताबाईंच्या कोपरावर आहे तोच भाजल्याचा लांबट डाग. आणि अगदी जवळ, पिठाच्या पलीकडे, दोन डोळे. त्यात काजळ नव्हतं. डोळे जयवंताबाईंकडे पाहत नव्हते. ते रोटीकडे पाहत होते. फाटते का, लांबते का, अजून किती, असे. या घरात कोणी नाही, जगात कोणी नाही, फक्त हा पिठाचा ताणलेला पापुद्रा आहे, असे.

त्या बाईला हवं ते अजून मिळालं नव्हतं. सातव्या दिवशीही नाही.

जयवंताबाईंना भीती नंतर वाटली. त्याच्या आधी, हे कबूल करायला त्यांना फार जड गेलं असतं, त्यांना तिचा हेवा वाटला.

५

बाहेर फाटक वाजलं, अपेक्षा पिशव्या घेऊन येत होती. जयवंताबाईंनी दोन्ही हातांनी रोटी रस्सीवरून ओढली. ती जड होती, ओल्या गोधडीइतकी. खाली टेकवून त्यांनी तिची घडी घातली. एक. दोन. तिसऱ्या घडीला आतून काहीतरी ताणून धरल्यासारखं झालं. त्यांनी गुडघा टेकवला. तीन. चार.

रोटी खाण्यासाठी असते, त्यांनी स्वतःला सांगितलं. माणूस खातो आणि संपतं. आपण संपवलं नाही, तिथे चुकलं. पंगतीतल्या हजारो लोकांना आपण घडी मोडून खायला दिली आणि स्वतःचीच रोटी मात्र साडीसारखी मिरवली.

अपेक्षा भाजी धुवायला बाहेरूनच मागच्या नळावर गेली, आणि त्या तिथेच, मधल्या खोलीत फरशीवर बसून ती रोटी खाऊ लागल्या. रस्सा नाही, चटणी नाही. पहिल्या घासाला चव लागली नाही. दुसऱ्यालाही नाही. पुढे त्यांनी चव शोधणं सोडून दिलं आणि नुसतं चावत राहिल्या. देवाजी उठून पाणी प्यायला आले आणि दारातच थांबले.

"एकटीच जेवून राह्यली काय वं? कोरडीच?"

तोंड भरलेलं होतं, म्हणून जयवंताबाईंनी नुसता हात हलवला. शेवटचा तुकडा गेला, बोटं चाटून झाली. फरशीवर कणभर पीठ उरलं नाही. रस्सी मोकळी, मागे मिठाची बरणी दिसत होती, जशी ती नेहमी दिसते. जयवंताबाई उठल्या, कंबर सरळ केली. निस्तरलं आपण, आपल्या हाताने केलं, आपल्या हाताने निस्तरलं. यासाठी कोणा भगताला बोलवावं लागलं नाही. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी शेजारणीला बजावून सांगितलं की तशी रोटी आपण पुन्हा कधीही करू शकतो.

एवढं होतं की पोट भरलं नव्हतं. उलट, भूक लागली होती.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी टिनाखाली कणीक आपटून झाली. देवाजी खुर्ची टाकून पेपर वाचत होते. अपेक्षाने पहिला गोळा घेतला, आणि जयवंताबाईंना सुरुवातीलाच कळलं की आज होणार. पोरीचे खांदे खाली होते, श्वास एका लयीत होता. चकती झाली, रुमाल झाला. रुमालाचं उपरणं झालं. कुठे भोक नाही. कड सरळ.

"आई!" अपेक्षा कुजबुजली. मोठ्याने बोललं तर फाटेल अशी तिला भीती होती. "आई, पाहा ना. पूर्ण झाली."

जयवंताबाईंचा ऊर भरून आला. ही माझी सून. हे मी शिकवलं. तीन महिन्यांत! आपल्याला इथवर यायला दोन वर्षं लागली होती. छान हा शब्द त्यांनी वीस वर्षं जपून ठेवला होता, आता तो जिभेवर येऊन बसला. अपेक्षा रोटी उचलून धरून उभी होती, आणि तिच्या मागून सकाळचं ऊन येत होतं. जयवंताबाईंनी सवयीने पिठातून पाहिलं. सुनेचे डोळे दिसले, पुसट, तपकिरी, वाट पाहणारे. काजळ दिसलं नाही.

त्यांनी तोंड उघडलं.

"अजून एक हात."

कोण बोललं ते पाहायला जयवंताबाईंनी मागे वळून पाहिलं. दारातून मधली खोली दिसत होती. मोकळी रस्सी. बरणी.

"काय वं!" देवाजींनी पेपर खाली केला. "पहिलीच रोटी हाय पोरीची. चांगली झाली म्हनाव लागते."

म्हणजे आपणच बोललो. जयवंताबाईंनी ओठ घट्ट मिटले. आता नीट म्हणू. छान. छ, त्याला काना, न. दोन अक्षरं. त्यांनी जीभ टाळूला लावली आणि ती तिथेच राहिली. पोटात, काल जिथे तो शेवटचा तुकडा गेला होता तिथे, काहीतरी हळूच ताणलं गेलं. डोळ्यांत पाणी आलं. त्या सुनेकडे पाहत राहिल्या, की निदान हे तरी तिला दिसावं.

अपेक्षा सासूच्या डोळ्यांकडे पाहतच नव्हती. ती रोटीकडे पाहत होती. तिचा चेहरा आधी पडला, मग हळूहळू घट्ट झाला. हा चेहरा जयवंताबाईंना पाठ होता.

"हो आई," ती म्हणाली. रोटी मडक्यावर टाकली, भाजली, घडी न करताच बाजूला ठेवली आणि दुसरा गोळा उचलला.

पट्-पट्.

मग एक थांबा.

मग पट्.

अपेक्षाची दोन्ही मनगटं धड होती.